उपाशी पोटीचं दूध

आयुष्यातली बरीचशी वर्षं मी लोकांच्या रक्तातली चरबी मोजण्यात घालवली. या कामाला किती मान आहे ते लग्नाच्या पंगतीत कळतं. शेजारी बसलेला पाहुणा चौकशी करतो, काय करता म्हणून. कोलेस्टेरॉलवर संशोधन करते म्हटलं की तो पानातल्या जिलेबीकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "मग ही चालंल का?" मी हो म्हटलं काय किंवा नाही म्हटलं काय, जिलेबी त्याच्या पोटात जाणारच असते. त्याला ती फक्त एका शिकलेल्या बाईच्या समक्ष खायची असते. पूर्वी मी अशा लोकांना समजावून सांगत बसायची. आता "खा" म्हणते. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांच्यापुढं तोंडाची वाफ दवडायची माझी हौस फिटली, आणि ती फिटली आमच्या सरांमुळे.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक आणि विभागाचे प्रमुख. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, तेव्हा मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागले. सर सफारी घालायचे. सफारीच्या खिशाला पेनांची रांग असायची आणि त्यातलं एकही चालायचं नाही. सहीची वेळ आली की ते माझं पेन मागून घ्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. काम विद्यार्थ्यांनी करायचं, नाव सरांनी लावायचं, चुकलं तर पुन्हा विद्यार्थ्यांनीच निस्तरायचं, ही पद्धत सगळीकडेच होती, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच की सरांना निष्कर्ष आधी सुचायचा आणि प्रयोग मागाहून.

त्या वर्षी सुचलेला निष्कर्ष असा होता: कोल्हापूरचा पैलवान लिटरानं दूध पितो, वाटीनं तूप खातो, मटण तर विचारूच नका, आणि तरी ठणठणीत असतो. सबब परदेशातल्या पुस्तकातलं कोलेस्टेरॉल आपल्या मातीला लागू नाही. आता हे सिद्ध तेवढं करायचं राहिलं होतं. त्यासाठी तालमीतल्या पैलवानांचं रक्त हवं होतं आणि ते आणायला सरांनी मला निवडलं. माझी हुशारी बघून निवडलं, असा माझा काही दिवस गोड समज होता. खरं कारण म्हणजे माझा थोरला भाऊ जुना पैलवान होता आणि त्याच्या ओळखीनं तालमीचं दार उघडणार होतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचे. दादा शाळा सोडून लहानपणीच शहरातल्या तालमीत राहायला गेला. वडिलांनी, आमच्या आबांनी, स्वतः कोरडी भाकरी खाल्ली पण त्याचा खुराक कमी पडू दिला नाही, आणि एक दिवस छातीत कळ येऊन, केस पिकायच्या आतच ते गेले. दादानं वीस वर्षं मातीत अंग घासलं. पण एकही मोठी कुस्ती त्याच्या नावावर लागली नाही. जिंकत आलेली कुस्ती बरोबरीत सुटायची, बरोबरीची हातची जायची. शेवटी त्यानं लंगोट ठेवला, तालमीमागच्या गल्लीत घर केलं आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. व्यायाम सुटला, खुराक सुटला नाही. गल्लीतली पोरं अजून त्याला "पैलवान" म्हणून हाक मारायची आणि तो अजून त्या हाकेला छाती काढून वळायचा, फक्त आता छातीच्या आधी पोट वळायचं.

माझ्या अभ्यासात तीन गट होते: व्यायाम करणारे तरुण पैलवान, दादासारखे व्यायाम सोडलेले जुने पैलवान, आणि तुलनेसाठी कचेऱ्यांतले कारकून. बाईमाणसानं लाल मातीच्या हौद्याजवळ जायचं नाही, असा तालमीचा नियम. ज्या मातीत दिवसभर पुरुषांचा घाम, ताक आणि तेल जिरतं ती माझ्या सावलीनं बाटणार होती. मी वाद घातला नाही. तालमीबाहेरच्या ओट्यावर टेबल मांडलं, आमचा तंत्रज्ञ रक्त काढायचा आणि मी नळ्यांना चिठ्ठ्या लावायची. आदल्या दिवशी प्रत्येकाला बजावलेलं असायचं, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. सकाळी प्रत्येकाला पुन्हा विचारायची, काही खाल्लंय का? आणि ते सगळे गळ्याला हात लावून शपथ घ्यायचे, "आयच्यान न्हाय." एवढी प्रामाणिक माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

या उपाशीपणाला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. वाईट कोलेस्टेरॉल थेट मोजायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. एकूण कोलेस्टेरॉल मोजायचं, त्यातून चांगलं वजा करायचं, आणि रक्तातल्या चरबीचा, म्हणजे ट्रायग्लिसराइडचा, पाचवा हिस्सा वजा करायचा. उरेल ते वाईट. हे गणित उपाशी माणसापुरतंच खरं असतं. पोटात नुकतं काही स्निग्ध गेलेलं असेल तर रक्तातली चरबी वाढते, वजा करायचा हिस्सा फुगतो आणि वाईट कोलेस्टेरॉल कागदावर खाली येतं. धमन्यांमध्ये मात्र ते होतं तेवढंच असतं.

कारकुनांचं रक्त यंत्रात फिरवलं की वर पिवळसर, स्वच्छ सीरम यायचं. पैलवानांचं दुधाळ यायचं, तांदळाच्या पेजेसारखं. गणित केलं की कारकुनांपेक्षा पैलवानांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी, आणि त्यातही जुन्या, पोट सुटलेल्या पैलवानांचं सगळ्यांत कमी. मी सरांना म्हटलं, चरबीचे आकडे फार वर आहेत, इतक्या वरच्या आकड्यांना हे गणित वापरू नये असं पुस्तकातच लिहिलंय. सर हसले. "कोल्हापुरात सगळंच थोडं जास्त असतं," म्हणाले. मग त्यांनी मला चहा पाजला. त्यांनी मला चहा पाजल्याची ही एकमेव नोंद आहे.

पुढे नमुन्यांच्या दुसऱ्या फेरीत एकदा नळ्या थंड ठेवायला बर्फ कमी पडला म्हणून मी उजाडायच्या वेळी बर्फ आणायला गेले. परतताना वाटेत दूधकट्टा लागला. कोल्हापुरात हे काही नवल नाही. चौकात म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि लोक तिथंच फेसाळ ग्लास तोंडाला लावतात. त्या दिवशी तिथं माझा अख्खा अभ्यास उभा होता. तरुण गट, जुना गट, सगळे. तरुणांच्या अंगाला माती, सगळ्यांच्या ओठांवर फेस. दोन-तीन तासांनी हेच लोक माझ्यापुढं गळ्याला हात लावणार होते. आणि मधोमध दादा, हातात सगळ्यांत मोठा ग्लास घेऊन.

मी पिशवी टेकवली आणि विचारलं, "दादा, तुला काय सांगितलं होतं मी?"

"उपाशी यायचं. मग उपाशीच हाय की!" दादा म्हणाला. "रात्री जेवल्यापास्नं तोंडात घास घातला न्हाय."

"मग हे काय आहे?"

त्यानं ग्लासाकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच त्याच्या हातात उगवला होता. "हे व्हय? आगं हे दूध हाय. दुधानं काय पोट भरतंय व्हय? तोंड धुतलं की दूध घ्यायचं, हे काय जेवणात धरत्यात?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका तरुण पैलवानानं तर मला धीर दिला, "ताई, साखर न्हाय घातली हो." गवळ्यानं माझा चेहरा बघून मलाही अर्धा ग्लास देऊ का विचारलं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते मला कळेना. वर्षभराचं माझं संशोधन म्हणजे म्हशीच्या दुधाचं पृथक्करण होतं, तेही माणसाच्या रक्तातून गाळून घेतलेलं. ते तर डेअरीत कुणीही करून दिलं असतं.

त्या माणसांचा मला राग नव्हता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी तशीच विभागात गेले आणि सरांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान आता तरी हा माणूस दचकेल. सर फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "दूध? अगं, सकाळचं दूध तर मीही घेतो. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हाही घेतलं होतं. त्यानं काय होतंय?"

जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक! स्निग्ध पदार्थांचं पचन ते दर वर्षी वर्गात शिकवायचे, फळ्यावर आकृती काढून, आकृतीत बाण दाखवून. पण तो बाण पुस्तकातल्या आतड्यातून जायचा. स्वतःच्या पोटातलं दूध त्या आकृतीत बसतं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी ठरवलं, पुराव्यानं बोलायचं. काही पैलवानांना एका सकाळपुरतं दूध सोडायला राजी केलं. त्यासाठी वस्तादांच्या हातापाया पडावं लागलं. राजी झालेल्यांत दादाही होता. त्या सकाळी तो ओट्यावर असा बसला होता की जणू मी त्याला आमरण उपोषणाला बसवलंय. रक्त यंत्रात फिरवलं. सीरम स्वच्छ पिवळं आलं. गणित केलं आणि जवळजवळ सगळ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वर गेलं. दादाचं तर इतकं वर की मी पुन्हा मोजलं, आणि मग आणखी एकदा मोजलं. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी दादाच्या दुकानात जाऊन त्याला सांगितलं. डॉक्टरकडे चल, आता यावर गोळ्या मिळतात, आबांचं काय झालं ते आठव. तो एका ग्राहकाला बेअरिंग दाखवत होता. "बघू की," म्हणाला. "तालमीचा कार्यक्रम हुंदे, मग जाऊ." मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या उपाशी नमुन्यांचा अहवाल मी सरांच्या टेबलावर ठेवला. तालमीच्या वार्षिक कार्यक्रमाला सर प्रमुख पाहुणे होते आणि पैलवानांच्या रक्तावरचं भाषण लिहून तयार होतं. त्यांनी कागद वाचला. वाचला हे मी स्वतः पाहिलं, म्हणून सांगते. मग म्हणाले, "नमुने फार थोडे आहेत. त्यात एक तुझा सख्खा भाऊ. संशोधनात भावनेला जागा नसते." मी म्हटलं, सर, कार्यक्रमात निदान जुन्या पैलवानांचं नाव घेऊ नका, ती माणसं तुमच्या शब्दावर जातील. त्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला प्रबंध पुरा करायचाय ना?" आणि सही करायला माझं पेन मागितलं.

कार्यक्रम दणक्यात झाला. त्या दिवसापुरता बायकांनाही मांडवात प्रवेश होता, कडेच्या खुर्च्यांवर. सरांना फेटा बांधला, तो त्यांच्या चष्म्यावर येत होता. सरांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की विज्ञानानं आता सिद्ध केलंय, कोल्हापूरच्या मातीत आणि म्हशीच्या दुधात अशी ताकद आहे की पैलवानाच्या हृदयाला भय नाही. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, व्यायाम सोडलेल्या पैलवानाचंही रक्त बघा, तरुणांना लाजवेल! आणि त्यांनी दादाला पुढं बोलावलं, त्याचं मनगट धरलं आणि विजयी पैलवानाचा करतात तसा त्याचा हात वर केला. हलगी वाजली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी कडेच्या खुर्चीवर बसून होते, आणि सरांविषयी मला त्या क्षणी जे वाटलं ते छापण्यासारखं नाही.

डॉक्टरकडे जाणं राहिलंच. मी विषय काढला की दादा म्हणायचा, "तुझं सर काय येडं हाईत व्हय? एवढा मोठा माणूस भर लोकात खोटं बोलंल?" मी म्हणायची, खोटं नाही, चुकीचं बोलले. हा फरक त्याला पटायचा नाही. वहिनीला मी सगळं समजावून सांगितलं, तिनं घरातलं तूप बंद केलं. दादा ते बाहेर खाऊन यायचा. दूधकट्ट्यावर त्याचं वजन वाढलं होतं, दोन्ही अर्थांनी. नवी गिऱ्हाइकं आली की गवळी त्याच्याकडे बोट दाखवायचा, "ह्या पैलवानांचं रक्त शास्त्रज्ञांनी तपासलंय."

मी मार्गदर्शक बदलला. त्यासाठी जी तोंडं बघावी लागली त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. सगळे नमुने पुन्हा घेतले, या वेळी दूधकट्ट्यासमोर पहाटे आमचा तंत्रज्ञ उभा करून. माझा प्रबंध कुणी वाचला असं मला वाटत नाही. सरांचा निबंध मात्र परिषदांतून फिरला, वर्तमानपत्रात त्यांचा फेट्यातला फोटो आला, आणि आहारावर बोलायला त्यांना गावोगावी आमंत्रणं येऊ लागली. शिरोळकडच्या एका व्याख्यानाला मी मुद्दाम गेले. प्रश्नोत्तरांत हात वर केला. सरांनी मला ओळखलं, प्रेमानं हसले आणि "आमची जुनी विद्यार्थिनी" अशी ओळख करून देऊन पुढचा प्रश्न घेतला. पुढे वाईट कोलेस्टेरॉल थेट मोजायची सोय आली. मी पहिल्यांदा दादाचं मोजलं. तेच उत्तर. तो कागद त्यानं दुकानाच्या गल्ल्यात ठेवला आणि मला उसाचा रस पाजला.

दादाला झटका आला तो दुकानातच. दोन हजारचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. हृदयाचा बराचसा स्नायू निकामी झालाय, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत गेले ती तोंडात जळजळीत वाक्यं घेऊनच गेले. इतकी वर्षं साठवलेली होती. वहिनी औषधं आणायला गेली होती. दादा कॉटवर पडून छताकडे बघत होता.

"तुझं खरं हुतं," तोच आधी म्हणाला.

"आता कळलं तुला?"

"आता न्हाय. तवाच. तू दुकानात आलतीस न्हवं का, तवाच पटलंतं. रडवेली झालतीस तू. तू काय उगंच रडणारी न्हाईस." त्याला दम लागला. थांबून म्हणाला, "पण मग सरांनी हात वर केला. इस वर्सं मातीत लोळलो, कुणी माझा हात वर केला न्हवता गं. तुझं खरं धरलं असतं, तर त्ये खोटं पडलं असतं की."

माझी सगळी जळजळीत वाक्यं तोंडातच राहिली. मी त्याचा हात धरून रडले. तो एवढा मोठा हात, आणि त्याला सुया टोचून टोचून निळा केला होता.

गोळ्या त्यानं त्यानंतर इमानदारीनं घेतल्या. दूध सोडलं. पण उशीर झाला होता, आणि दिवाळीच्या आधी दादा गेला.

सर भेटायला आले. निवृत्त झाले होते, पण सफारी तशीच होती. सगळे सतरंजीवर बसले होते, सरांसाठी शेजारून खुर्ची आणली. त्यांनी वहिनीला दोन शब्द सांगितले, उसासा टाकला, आणि मग माझ्याकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "यांचं वाईट कोलेस्टेरॉल तर उत्तम होतं. तरीही झटका! फार दुर्मीळ केस आहे ही. दोघांच्या नावानं एक टिपण लिहू आपण. त्यांचं सीरम तुझ्या फ्रीझरमध्ये असेलच ना?"

सीरम होतं. जुनं होतं, नवं होतं, प्रत्येक नळीवर माझ्या हातची चिठ्ठी होती. ते देऊन सरांचा निष्कर्ष खोडून काढायची याहून चांगली संधी मला मिळणार नव्हती. पण मी त्या माणसाला ओळखून होते. त्या नळीतूनही त्यानं म्हशीची थोरवीच काढली असती, आणि पुढच्या व्याख्यानात दादाचं नाव घेतलं असतं.

"नाही सर," मी म्हटलं. "काही शिल्लक नाही."

आकड्यांच्या बाबतीत मी आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नव्हते. सर हळहळले. दादा गेला म्हणून हळहळले त्याहून जास्त हळहळले. हळहळू देत. दादाला आणखी एकदा लोकांपुढं उभं करून त्याचा हात मी त्यांना वर करू देणार नव्हते.